‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर लेखी कसं मिळवायचं? लोकसेवा हक्क, पोर्टल आणि त्यामागचा करार

कोरा_कागद

विषय महाराष्ट्रापुरता आहे. दाखले, परवाने, नळजोडणी यांचे बरेचसे अर्ज आता पोर्टलवरूनच जातात. मुदत उलटली की कार्यालयातलं उत्तर ठरलेलं: सर्व्हर डाऊन, वरूनच प्रॉब्लेम आहे. हेल्पलाइनवाले म्हणतात, अर्ज कार्यालयाच्या लॉगिनला पडून आहे. पोर्टल चालवणारी कंपनी नागरिकाला दारातही उभी करत नाही, कारण तिचा करार खात्याशी.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, लोकसेवा हक्क कायद्याखाली सर्व्हर बंद असणं हे विलंबाचं चालणारं कारण आहे का? दोन, पोर्टल किती वेळ बंद होतं आणि त्याबद्दल कंपनीचे पैसे कापले का, हे माहिती अधिकारात कसं मागायचं की ‘व्यावसायिक गोपनीयता’ म्हणून परत येणार नाही? तीन, खात्याच्या डॅशबोर्डवर ९५ टक्क्यांच्या वर अर्ज मुदतीत निकाली दिसतात आणि रांग तर हलत नाही. हा आकडा येतो कुठून?

कायदा वाईट, सरकार वाईट असली चर्चा नको. कोणता कागद, कोणाकडे, किती दिवसांत, एवढंच हवं आहे.

---

दप्तर_१२

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा सगळा डोलारा एका शब्दावर उभा आहे: पदनिर्देशित अधिकारी. प्रत्येक अधिसूचित सेवेपुढे तीन पदं आणि दिवसांची मुदत लिहिलेली असते. पदनिर्देशित अधिकारी, प्रथम अपील अधिकारी, द्वितीय अपील अधिकारी. ही यादी कार्यालयाच्या फलकावर असते, पोर्टलवरही असते. तिथे ‘सर्व्हर’ नावाचं पद नाही. त्यामुळे कायद्यासमोर उत्तर त्या अधिकाऱ्यालाच द्यायचं आहे.

मात्र कलम १० मधली शास्ती, म्हणजे दंड (किमान ५०० रुपये, कमाल ५,००० रुपये) आपोआप लागत नाही. ‘पुरेशा आणि वाजवी कारणाशिवाय’ सेवा दिली नाही असं अपील अधिकाऱ्याचं मत व्हावं लागतं, आणि अधिकाऱ्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. सर्व्हरचं कारण इथे पुढे येतं. ते चालेल की नाही हे पुराव्यावर ठरतं. ज्या अधिकाऱ्याने बंद पडल्याची तक्रार त्याच दिवशी हेल्पडेस्कवर नोंदवली, तिकीट क्रमांक जपला आणि वरिष्ठांना पत्र दिलं, त्याचं कारण पुरेसं ठरू शकतं. तोंडी ‘सर्व्हर नव्हता’ म्हणणाऱ्याचं ठरू नये. म्हणून अपिलात एक वाक्य हमखास घाला: ‘यंत्रणा बंद असल्याचे कारण दिल्यास बंद असल्याचा दिनांक, वेळ, हेल्पडेस्क तिकीट क्रमांक व निवारणाची वेळ अभिलेखावर घ्यावी.’ या एका वाक्याने निम्म्या सुनावण्यांचा सूर बदलतो.

दिवसांचा हिशोब असा. मुदत संपल्यापासून, किंवा नकाराचा आदेश मिळाल्यापासून, ३० दिवसांत पहिलं अपील. सबळ कारण असेल तर ते ९० दिवसांपर्यंत दाखल करून घेता येतं. निकालाला ३० दिवस. दुसरं अपील पहिल्याच्या आदेशापासून ३० दिवसांत. आदेशच आला नाही तर पहिलं अपील केल्यापासून ४५ दिवसांनंतर. त्याच्या निकालाला ४५ दिवस. तिसरं अपील राज्य सेवा हक्क आयोगाकडे, कलम १८ खाली, ६० दिवसांत. आयोगाला ९० दिवस. पहिलं अपील निकाली काढण्यात वारंवार कसूर करणाऱ्या प्रथम अपील अधिकाऱ्यालाही शास्ती होऊ शकते, हे फार लोकांना ठाऊक नसतं.

आता खरी मेख. मुदत मोजली जाते ती ‘सर्व बाबतीत परिपूर्ण’ अर्ज मिळाल्या तारखेपासून. पोर्टल बंद असताना अर्ज भरलाच गेला नसेल तर घड्याळ सुरूच झालेलं नाही. अशा वेळी पोर्टल चालू व्हायची वाट बघू नये. अर्ज कागदावर, जोडपत्रांची क्रमवार यादी लावून, पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या आवक शाखेत द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्यावा. कायद्यात पोच लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक, दोन्ही प्रकारे द्यायची तरतूद आहे. ‘ऑनलाइनच करा’ म्हणून कागद नाकारला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. पोचपावतीवरची तारीख ही तुमची तारीख.

त्रुटी काढून अर्ज परत आला तर ती एकदाच, सगळी एकत्र काढली आहे का ते बघा. आधी एक कागद, तो दिला की दुसरा, अशी त्रुटींची माळ असेल तर प्रत्येकीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. अपिलात सगळ्यात जास्त वजन याच कागदाचं पडतं. नकार असेल तर कारणं लेखी हवीत, आणि अपील कोणाकडे, किती दिवसांत, हेही त्यातच हवं.

---

उतारा

वरच्या प्रतिसादाशी सहमत. एक तांत्रिक भर.

स्क्रीनशॉट घेताना ब्राउझरची पत्त्याची पट्टी आणि संगणकाचं घड्याळ दोन्ही चित्रात आले पाहिजेत. नुसतं ‘एरर’ म्हणू नका, संदेशातले शब्द आणि अंक जसेच्या तसे लिहा. ५०३ म्हणजे सर्व्हर त्या क्षणी सेवा द्यायला तयार नाही. ५०४ म्हणजे पुढचा दरवाजा उघडा होता, पण मागच्या यंत्रणेकडून वेळेत उत्तर आलं नाही. ओटीपी न येणं ही तिसरीच भानगड, तिचा दोष पोर्टलचा असेलच असं नाही. हा फरक पुढे करार वाचताना लागतो.

पैसे कापले गेले आणि अर्ज सादर झाला नाही, तर आधी पैसे कुठे अडकलेत ते शोधा. यूपीआयने केलेला भरणा घेणाऱ्याकडे पोचलाच नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत तो आपोआप परत यायला हवा, पुढे उशिरापोटी दिवसाला १०० रुपये. भरणा शासनाच्या खात्यात जमा झाला असेल तर हा नियम लागू नाही, परतावा खात्याकडेच मागावा लागतो. दोन्ही वेळा बँकेचा व्यवहार क्रमांक हवाच. पोर्टलचा अर्ज क्रमांक तिथे पुरत नाही.

---

बारीक_अक्षर

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. यात लोक अर्ज लिहितानाच हरतात.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे माहितीचा अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. म्हणून करार, बंद काळ, कपात आणि सुरक्षा तपासणी असं सगळं एका अर्जात कोंबू नका. चार अर्ज करा. प्रत्येकी १० रुपये, म्हणजे ४० रुपयांत काम होतं.

‘पोर्टल वारंवार बंद का पडते?’ हा प्रश्न विचारूच नका. अस्तित्वात असलेली नोंद मागायचा हक्क आहे, खुलासा मागायचा नाही. कागदाचं नाव घ्या. सरकारी तंत्रज्ञान प्रकल्पात ठरावीक कागद असतातच: निविदेचा प्रस्ताव-मागणी दस्त, म्हणजे आरएफपी, मूळ करार आणि त्याचं सेवा पातळीचं परिशिष्ट, ज्याला सगळे एसएलए म्हणतात, वापरकर्ता चाचणीचं स्वीकृती प्रमाणपत्र, पोर्टल प्रत्यक्ष सुरू झाल्याचं गो-लाइव्ह प्रमाणपत्र, तिमाही एसएलए अहवाल, कंपनीचं देयक आणि त्यावर खात्याने केलेल्या कपातीची टिप्पणी, बदल-विनंत्यांची, म्हणजे चेंज रिक्वेस्टची यादी रकमांसह. यातले तिमाही अहवाल आणि कपातीची टिप्पणी हे दोन सगळ्यात मोलाचे.

मसुदा असा चालतो:

‘अमुक सेवेच्या पोर्टलच्या देखभाल करारासंबंधी, दिनांक अमुक ते अमुक या चार तिमाहींसाठी पुढील अभिलेखांच्या प्रती द्याव्यात. (१) कंत्राटदाराने सादर केलेले सेवा पातळी अहवाल. (२) प्रत्येक तिमाहीचे देयक. (३) त्या देयकांतून सेवा पातळीतील उणिवेपोटी केलेल्या कपातीची गणना व मंजूर टिप्पणी. कपात केली नसल्यास तसा अभिलेख. अभिलेख मोठा असल्यास प्रथम पाहणीची संधी द्यावी.’

पाहणीचा पर्याय लिहायला विसरू नका. पहिला तास फुकट असतो. शंभर पानांचे पैसे भरण्याऐवजी नेमकी सात पानं खुणावून घेता येतात. प्रतीचा दर पानाला २ रुपये.

अर्ज कोणाकडे? सेवा ज्या विभागाची त्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. करार माहिती तंत्रज्ञान विभागाने किंवा महाआयटीने (राज्य सरकारची माहिती तंत्रज्ञान कंपनी) केलेला असेल तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) खाली पाच दिवसांत तिकडे वर्ग करणं त्यांचं काम आहे. ‘ही माहिती कंपनीकडे आहे’ हे उत्तर आलं तर अपिलात कलम २(ञ) दाखवा. त्यात ‘धारण केलेली’ याबरोबर ‘नियंत्रणाखालील’ माहितीही येते, आणि कंपनीकडून अहवाल मागायचा अधिकार खात्याला कराराने दिलेला असतो.

आता ‘व्यावसायिक गोपनीयता’. कलम ८(१)(घ) चा आधार घ्यायचा तर माहिती उघड झाल्याने कंपनीच्या स्पर्धात्मक स्थानाला हानी कशी पोचते, हे दाखवावं लागतं. निविदा चालू असताना दर लपवणं समजू शकतं. सही झालेल्या करारातलं दंडाचं कलम उघड झाल्याने कोणाचं स्थान डळमळतं? शिवाय व्यापक जनहित असेल तर माहिती द्यायची, हे त्याच कलमात आहे, आणि याच कायद्याच्या कलम १० प्रमाणे गोपनीय भाग काळा करून उरलेला द्यायचा असतो. त्रयस्थ पक्ष म्हणून कंपनीला विचारायचं ठरवलं तर कलम ११: पाच दिवसांत नोटीस, कंपनीला दहा दिवस, आणि अर्ज आल्यापासून ४० दिवसांत निर्णय. कंपनीने ‘नको’ म्हटलं म्हणजे विषय संपला असं नाही. निर्णय जन माहिती अधिकाऱ्याचाच.

सुरक्षा तपासणीच्या बाबतीत हाव धरू नका. अख्खा अहवाल मागितला की नाकारायला कारण मिळतं, आणि ते कारण पुष्कळदा बरोबरही असतं. पोर्टलमधली भोकं जाहीर करून कोणाचं भलं होत नाही. मागायचं ते एवढंच: तपासणीची तारीख, संस्था सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) यादीतली होती का, किती गंभीर त्रुटी निघाल्या आणि त्या बंद केल्याची तारीख. हे चार रकाने पुरतात.

आणि एक घाईची गोष्ट. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे यंत्रणांचे लॉग, म्हणजे संगणकात आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस जपायचे असतात. त्यापुढे ते ठेवलेच पाहिजेत असं त्या निर्देशांत नाही. माहिती अर्जाला ३० दिवस, पहिल्या अपिलाला ३० ते ४५ दिवस, मग दुसरं अपील. तिथवर पोचेपर्यंत लॉग पुसले गेलेले असू शकतात. म्हणून माहिती अर्जाबरोबरच विभागाला वेगळं साधं पत्र द्या: अमुक तारखांचे लॉग आणि हेल्पडेस्क तिकिटं अपील निकाली निघेपर्यंत जतन करावीत. पत्राची पोच घ्या. पुढे ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर त्याला काही अर्थ उरतो तो या पत्रामुळेच.

---

मधला_माणूस

कार्यालयाच्या बाजूनेही एक लिहिलं पाहिजे. तालुक्याच्या अधिकाऱ्याला ना सर्व्हरचा पासवर्ड असतो, ना कंपनीशी बोलायचा अधिकार. त्याच्या पगारातून ५०० रुपये कापून पोर्टल सुधारत नाही. करार सही करणारा सचिवालयात, देयक मंजूर करणारा तिसरीकडे, आणि शास्ती खालच्या माणसाला.

---

दप्तर_१२

@मधला_माणूस, तक्रार रास्त आहे. पण तिचं उत्तर अधिकाऱ्याच्याच हातात आहे. बंद पडल्याची नोंद त्याने रोजच्या रोज, तारीखवार, तिकीट क्रमांकासह एका रजिस्टरमध्ये ठेवावी आणि महिन्याला वर पाठवावी. तीच अपिलात त्याची ढाल, आणि तीच पुढे कंपनीच्या अहवालाशी ताडून बघता येते. कंपनी म्हणते महिन्यात दोन तास बंद, तीस तालुक्यांची रजिस्टरं म्हणतात चौदा तास, अशी तफावत कागदावर आली की देयकावर सही करणाऱ्याची अडचण होते. आज तसं होत नाही, कारण खालून लेखी काही जातच नाही.

आणि ही रजिस्टरं वर पोचूनही फाइल बसून राहिली, तर २००५ चा दप्तर दिरंगाईचा कायदा आहे. साधारण फाइल एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं त्यात आहे. फाइल कुठे किती दिवस थांबली, याची नोंद माहिती अधिकारात मागता येते.

---

रांगेतला_अंक

तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा. आकडे खोटे नसतात, मोजायची पट्टी ठरवून घेतलेली असते.

आधी ‘उपलब्धता’. करारात ९९ टक्के लिहिलं की भारी वाटतं. ३० दिवसांचा महिना म्हणजे ७२० तास. एक टक्का म्हणजे ७ तास १२ मिनिटं बंद चालतं. हीच पट्टी तिमाहीवर लावली की २१ तास ३६ मिनिटं, म्हणजे आठ तासांचे जवळजवळ पावणेतीन कामाचे दिवस. ते सगळे तास प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात आले तरी करार पाळलाच गेला!

खरी गंमत रात्रीची. पोर्टल एका दिवशी सकाळी १० ते संध्याकाळी ६ पूर्ण बंद होतं असं धरा. ७२० तासांवर मोजलं तर उपलब्धता ९८.८९ टक्के. कार्यालयीन वेळेवर मोजलं, समजा २५ दिवस गुणिले ८ म्हणजे २०० तास, तर ९६ टक्के. बंद तेवढंच, दंडाचा टप्पा वेगळा. रात्री तीन वाजता पोर्टल धडधाकट होतं, याचा दाखला काढायला निघालेल्याला काय उपयोग?

मग मोजलं कुठे? डेटा सेंटरच्या दारात मोजलं तर सर्व्हर ‘जिवंत’ असतो, फक्त अर्ज सादर होत नाही. करारात ‘नागरिकाने सुरू केलेल्या किती अर्जांना अर्ज क्रमांक मिळाला’ ही पट्टी आहे का ते शोधा. बहुतेक ठिकाणी सापडत नाही. वगळण्याची कलमंही वाचा: नियोजित देखभाल, नेटवर्क, ओटीपी, पेमेंट गेटवे, डेटा सेंटरची वीज. एवढं वगळल्यावर दोष उरतो तो फार थोडा. वरती ५०३, ५०४ आणि ओटीपी वेगळे लिहा म्हटलंय ते याचसाठी. दंडाला तिमाही देयकाच्या ठरावीक टक्क्यांची कमाल मर्यादा असते. ती गाठली की पुढचं बंद राहणं कंपनीला फुकट पडतं, म्हणून त्या मर्यादेनंतर करार रद्द करायची तरतूद आहे का, हेही बघा.

आता डॅशबोर्ड. ‘निकाली’ या शब्दात मंजूर, नामंजूर आणि परत पाठवलेले असे तिन्ही बसू शकतात. मुदतीच्या आदल्या दिवशी त्रुटी काढून परत पाठवलेला अर्ज मुदतीतच निकाली झालेला असतो, आणि पुन्हा सादर केला की घड्याळ शून्यापासून. म्हणून टक्केवारी मागू नका. चार गोष्टी वेगवेगळ्या मागा: मंजूर किती, नामंजूर किती, एकदा तरी परत गेलेले किती, आणि पहिल्या सादरीकरणापासून अंतिम निर्णयापर्यंतचे दिवस. सरासरीवरही विसंबू नका. नव्वद अर्ज दोन दिवसांत आणि दहा अर्ज शंभर दिवसांत झाले तरी सरासरी बारा दिवसांच्या आत येते, आणि पंधरा दिवसांची मुदत कागदावर पाळली जाते.

त्रुटीचा एसएमएस अर्जदाराला पोचतच नाही, हेही एक कारण. अर्ज भरून देणारा केंद्रचालक शंभर अर्जांवर स्वतःचाच नंबर टाकतो. आयुष्मान भारत योजनेच्या २०२३ च्या अहवालात कॅगला सुमारे ७.४९ लाख लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले आढळले होते. रकाना सक्तीचा आणि तपासणी शून्य, की दुसरं काय होणार? अर्ज भरून घेताना पावतीवरचा मोबाइल क्रमांक स्वतःचा आहे ना, हे तिथेच उभं राहून वाचा.

---

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार. एक राहिलं. तिमाही अहवाल हातात आले आणि त्यात उणीव दिसते, पण कपात शून्य. पुढे कुठे जायचं? आणि स्क्रीनशॉटला कोर्टातलं ते प्रमाणपत्र लागतं का?

---

बारीक_अक्षर

इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र, म्हणजे पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम ६५ख आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, न्यायालयात लागतं. सेवा हक्काच्या अपिलात सही करून, तारीख घालून प्रत जोडा, पुरते. मूळ फाइल मात्र फोनमधून काढू नका. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या प्रतीत मूळ तपशील गळून पडतात.

कपात शून्य असेल तर आधी करारातलं सवलतीचं कलम बघा. दंड माफ करायचा अधिकार एखाद्या समितीला दिलेला असू शकतो. तसं असेल तर त्या बैठकीचं इतिवृत्त मागा. इतिवृत्तच नाही, तर माफी दिली कोणी हा प्रश्न उभा राहतो, आणि तो मग वित्तीय अनियमिततेचा विषय होतो. तेव्हा करारातलं पान, तिमाही अहवालातलं पान आणि देयकाचं पान अशी तीन पानं जोडून एक पानी पत्र महालेखापालांच्या कार्यालयाला (कॅगचं राज्यातलं कार्यालय) पाठवा. लेखापरीक्षण करायचंच अशी सक्ती तुमच्या पत्राने होत नाही, पण कुठे खणायचं ते त्यांना कळतं. कॅगचा परिच्छेद विधिमंडळात मांडला गेला की तो लोकलेखा समितीपुढे जाऊ शकतो, आणि तिथे सचिवाला बसून उत्तर द्यावं लागतं.

पत्रात विशेषणं नकोत. कराराचा क्रमांक, कलमाचा क्रमांक, तिमाही, करारातली टक्केवारी, अहवालातली टक्केवारी, व्हायला हवी होती ती कपात आणि झालेली कपात. सात रकान्यांचा तक्ता. शासन निर्णयाचा उल्लेख असेल तर त्याचा अठरा अंकी सांकेतांक लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला शोधत बसावं लागणार नाही.

---

रांगेतला_अंक

तक्त्यात आठवा रकाना घाला: मोजमापाची पद्धत, २४ तास की कार्यालयीन वेळ. नाहीतर पहिल्याच उत्तरात ‘आपली गणना चुकीची आहे’ असं येईल आणि आणखी एक फेरी वाया जाईल.